पंडिता रमाबाई : करुणेचे व्रत

आज आपण ज्या प्रदेशात पोटापाण्यासाठी स्थिरावलो आहोत, त्या तत्कालीन मद्रास इलाख्यातच १८७४ च्या सुमारास दुष्काळाने रमाबाई डोंगरे यांचे वडील हिरावून नेले आणि पाठोपाठ आईही गेली. पुढे त्यांची बहीणही गेली. लोकनिंदा सोसून पतीकडून संस्कृत शिकलेल्या आईनेच रमाबाईंना विद्या दिली होती. त्या विद्येच्या बळावर १८७८ साली कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या लाभल्या.

१८८२ साली वैधव्य आले. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये, फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. पतितेलाही जवळ करणाऱ्या ख्रिस्ताच्या करुणेने त्यांचे मन जिंकले आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वजन दुरावले.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, बालविधवा गोदूबाई, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक संस्थेपासून दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी ना श्रद्धा लपविली, ना काम सोडले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-स्त्रियांना आश्रय दिला. केडगावच्या ‘मुक्ति’मध्ये त्यांना अन्नाबरोबर अक्षर, शेती, विणकाम व छपाईही मिळाली. तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांच्या धर्मनिर्णयाविषयी मतभेद राहोत. परमुलखात अनाथ होणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या या स्त्रीने अनाथांना घर दिले, याविषयी दुमत नसावे.