तुळाजी आंग्रे

तुळाजी आंग्रे (मृत्यू: इ.स. १७८६) हे मराठा आरमाराचे सरखेल आणि कान्होजी आंग्रे यांचे पुत्र होते. वाघोटण खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग (घेरिया) हे त्यांचे मुख्य ठाणे होते. इ.स. १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत त्यांचा पराभव झाला.

पार्श्वभूमी

कान्होजींचे इ.स. १७२९ मध्ये व त्यांचे ज्येष्ठ पुत्र सेखोजी यांचे इ.स. १७३३ मध्ये निधन झाल्यावर संभाजी व मानाजी या बंधूंत वारसाहक्काचा कलह सुरू झाला. पहिल्या बाजीरावांनी इ.स. १७३५ मध्ये दौलतीची विभागणी केली. त्यानुसार मानाजींकडे कुलाबा व वजारतमाब हा किताब, तर संभाजींकडे विजयदुर्ग व सरखेलपद राहिले. या वाटणीने आंग्र्यांचे आरमार दुभंगले. संभाजींच्या मृत्यूनंतर विजयदुर्ग तुळाजींच्या ताब्यात आला व पुढे छत्रपती शाहूंनी त्यांना सरखेलपद दिले.

कारकीर्द

विजयदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला असून त्याला तिहेरी तटबंदी आहे. किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाने गुराबा व गलबते खाडीत सुरक्षित नांगरता येत. त्यामुळे हे बंदर तुळाजींच्या आरमाराचा आधार ठरले. त्यांनी इ.स. १७४५ मध्ये सिद्दीकडून अंजनवेल घेतले. आंग्र्यांचे दस्तक न घेणारी जहाजे ते पकडत. इ.स. १७५४ मध्ये त्यांच्या आरमाराने डचांच्या तीन जहाजांवर हल्ला केला. त्यांपैकी दोन नष्ट झाली व एक हाती लागले.

पेशव्यांशी संघर्ष

तुळाजी पेशव्यांचे वर्चस्व मान्य करीत नसत. त्यांना नमविण्यासाठी पेशवे बाळाजी बाजीराव यांनी मार्च १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स यांनी सुवर्णदुर्ग जिंकला. जमिनीवरून पेशव्यांचे कोकणातील अधिकारी रामाजी महादेव यांनी आंग्र्यांची ठाणी घेतली.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्स वॉटसन यांचे आरमार व रॉबर्ट क्लाइव्ह यांचे सैन्य विजयदुर्गापुढे आले. तुळाजी किल्ला मेहुण्याकडे सोपवून वाटाघाटीसाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते. १२ फेब्रुवारीच्या तोफमाऱ्यात एक गोळा रिस्टोरेशन या जहाजावर पडला. पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या या जहाजाची आग शेजारी नांगरलेल्या जहाजांत पसरली आणि आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना त्यात वाटा मिळाला नाही. किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन करण्यासही त्यांनी टाळाटाळ केली. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट व काही गावे पदरात पडल्यावरच त्यांनी विजयदुर्ग सोडला.

अखेर

पेशव्यांनी तुळाजींना कैद केले. सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या किल्ल्यांवर बंदिवासात काढल्यानंतर कैदेतच त्यांचा मृत्यू झाला.

परिणाम

विजयदुर्ग येथे पेशव्यांनी पुढे आनंदराव धुळप यांच्या आधिपत्याखाली आरमार ठेवले. धुळपांनी इ.स. १७८३ मध्ये इंग्रजांचे रेंजर हे जहाज पकडले. तथापि इंग्रजांना कोकण किनाऱ्यावर सातत्याने रोखून धरण्याचे आंग्र्यांचे सामर्थ्य पुन्हा उभे राहिले नाही. गृहकलह मिटविण्यासाठी परकीयांची मदत घेतल्याने पेशव्यांना किल्ला मिळाला, परंतु त्याच्या आश्रयाने वाढलेले आरमार मात्र नष्ट झाले. इ.स. १८१८ मध्ये विजयदुर्गही इंग्रजांकडे गेला. हा किल्ला सध्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात आहे.