नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे

आपले पणजोबा-खापरपणजोबा कोकण किनाऱ्यावरून जहाजात बसून या बेटावर आले, तेव्हा त्यांच्याजवळ सामान थोडे होते, पण मराठी भाषा होती. त्याच किनाऱ्यावरील एका खेड्यात जन्मलेल्या एका थोर चित्रकाराची ओळख आज वाचकांना करून द्यावी असे आम्हांस वाटते. त्यांचे नाव प्रभाकर बरवे.

बरवे यांचा जन्म १६ मार्च १९३६ रोजी नागाव येथे झाला. अलिबागजवळचे हे समुद्रकाठचे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. हा जिल्हा त्या वेळी कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्यालाच आज आपण रायगड म्हणतो. कला त्यांच्या घरातच होती. वडील मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत कलाकार म्हणून काम करीत. पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार विनायकराव करमरकर हे नात्याने त्यांचे आजोबा लागत.

१९५४ ते १९५९ या काळात बरवे यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. पाउल क्ली या युरोपातील चित्रकाराच्या कामाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. पण केवळ चित्रे काढून पोट भरणे कठीण. १९६१ साली त्यांनी सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. हातमागावरील कापडासाठी नक्षी तयार करणे हे तेथील काम. या नोकरीनिमित्त त्यांना काही वर्षे बनारसला राहावे लागले. तेथे तंत्रमार्गातील बिंदू, त्रिकोण, वर्तुळ अशा खुणांची त्यांना ओढ लागली व त्या त्यांच्या चित्रांत उतरल्या. १९६५ च्या सुमारास ते मुंबईस परतले. पुढे त्या खुणाही त्यांनी मागे टाकल्या आणि स्वतःची वाट शोधली.

ती वाट कोणती? अमूर्त चित्रात घर, डोंगर, माणूस हे जसेच्या तसे काढलेले नसतात. रंग, रेषा आणि आकार हेच तेथे बोलतात. बरवे यांनी मात्र वस्तू सोडल्या नाहीत. पान, फळ, घड्याळ अशा रोजच्या वस्तू त्यांच्या चित्रांत ओळखू येतात. पण पान झाडावर नसते, घड्याळ भिंतीवर नसते. मोकळ्या जागेत ती जणू तरंगत असतात. घड्याळाकडे आपण दिवसातून दहा वेळा पाहतो, परंतु पाहतो ती वेळ. घड्याळ पाहतच नाही. बरवे यांचे चित्र आपल्याला ते पाहावयास लावते. यासाठी त्यांनी एनॅमलचा, म्हणजे दारे-खिडक्या रंगविण्याचा साधा चकचकीत रंगसुद्धा वापरला.

त्यांचे दुसरे कार्य आम्हांस तितकेच मोलाचे वाटते. अनेक वर्षे ते वह्यांमध्ये रेखाटने करीत व आपले विचार टिपून ठेवीत. १९९० साली त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वस्तू म्हणजे काय, रिकामी जागा म्हणजे काय, चित्र सुरू होण्यापूर्वी चित्रकाराच्या मनात काय चालते, असे अवघड प्रश्न त्यांनी त्यात मांडले, आणि ते मराठीत मांडले.

६ डिसेंबर १९९५ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते.

मराठी शिकून काय उपयोग, असे आपली मुले विचारतात. गणेशचतुर्थीच्या आरतीपुरती व झाकरीच्या गाण्यांपुरती ती राहिली आहे, असा समज आपल्या बेटावर वाढत आहे. या समजाला बरवे यांचे जीवन हे उत्तर आहे. ज्या भाषेत आजी नातवाला जेवायला हाक मारते, त्याच भाषेत आजच्या काळातला कठीणातला कठीण विचारही करता येतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीही शिकविली जाते आणि चित्रकलाही. या दोन्ही वर्गांतल्या मुलांनी नागावच्या या चित्रकाराचे नाव लक्षात ठेवावे, एवढीच आमची इच्छा.