पुत्रापुढेही नमलेले नाथ

फाल्गुन वद्य षष्ठी ही शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांची पुण्यतिथी. इ. स. १५९९ मध्ये याच तिथीस नाथांनी पैठण क्षेत्री गोदामाईच्या पात्रात देह ठेवला. अंगावर थुंकणाऱ्यावर नाथ कोपले नाहीत, काशीच्या कावडीतील गंगोदक त्यांनी तृषार्त गाढवाच्या मुखी घातले, या कथा घरोघरी मुखोद्गत आहेत. परंतु परक्यापुढे शांत राहणे त्या मानाने सुलभ. पोटच्या पुत्रानेच आपले जीवितकार्य सदोष ठरविले, तर नम्रता टिकते काय? नाथांच्या चरित्रात हाही कसोटीचा प्रसंग आहे.

भक्त भानुदासांच्या कुळात जन्मलेल्या नाथांनी देवगिरीस जनार्दनस्वामींच्या चरणी गुरुसेवा केली. भागवताच्या एकादश स्कंधावरील अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका त्यांनी शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये वाराणसीत पूर्ण केली. पुढे शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अद्वैताचे गुह्य त्यांनी मराठीत सर्वांसाठी खुले केले आणि अंत्यजाच्या घरचे अन्नही प्रेमाने सेवन केले.

त्यांचे चिरंजीव हरिपंडित संस्कृत शास्त्रांत निष्णात होते. पित्याचे प्राकृत पुराण आणि परान्नसेवन त्यांना रुचेना. ते रुसून काशीस गेले. नाथ स्वतः त्यांना आणावयास गेले, तेव्हा पुत्राने दोन अटी घातल्या: प्राकृतात निरूपण करू नये आणि परान्न घेऊ नये. ज्यांच्या ग्रंथाने महाराष्ट्र जागा झाला, त्यांनी वाद न घालता दोन्ही अटी मान्य केल्या. पैठणात व्यासपीठ पुत्राकडे आले. पांडित्य अपार होते, परंतु श्रोते हळूहळू विरळ झाले. नाथ मात्र शांतपणे श्रोत्यांत बसत.

पुढे एका दरिद्री विधवेचा सहस्रभोजनाचा संकल्प अपुरा राहिला होता. एक ब्रह्मवेत्ता तृप्त झाल्यास सहस्र ब्राह्मण जेवल्याचे पुण्य लाभते, असे ऐकून तिने नाथांना पाचारण केले. नाथांनी हरिपंडितांनाच तिच्या घरी स्वयंपाक करावयास सांगितले. भोजनोत्तर त्यांनी उच्छिष्ट पत्रावळ पुत्राकडून उचलविली. परंपरा सांगते की, एक उचलावी तो तिच्या जागी दुसरी दिसे, आणि अशा सहस्र पत्रावळी निघाल्या. हरिपंडितांचा अभिमान गळाला. त्यांनी पित्याचे चरण धरले आणि नाथांचे मराठी निरूपण पुन्हा सुरू झाले. पुढे नाथांच्याच दौहित्राने, मुक्तेश्वरांनी, महाभारत मराठीत गाइले.

श्रोते पत्रावळींच्या चमत्काराने थक्क होतात. मला मात्र त्याआधीचे नाथांचे मौन थोर वाटते. सर्वत्र एकच आत्मा आहे, हे ज्याला खरोखर कळले, त्याला जिंकावयाचा प्रतिपक्ष उरतो कोठे? पुत्राच्या हट्टातही ज्यांना जनार्दनच दिसला, त्यांना नमणे म्हणजे हरणे वाटले नाही. व्यासपीठावर अद्वैत सांगून घरी शब्दाशब्दाला अडून बसणारे आम्ही पंडित हरिपंडितांचेच सोबती. आयुष्यभर ग्रंथ उलगडूनही हे मला उशिरा उमगले.

आज नाथांच्या प्रतिमेस तुळशीहार अर्पण करताना प्रत्येकाने घरातील एखादा जुना वाद मनोमन सोडून द्यावा. नाथषष्ठीचा तोच खरा नैवेद्य होय.