मुंबईच्या नगरशासनाचे शिल्पकार

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा १९२३ पासून उभा आहे. राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविलेल्या या बॅरिस्टरांनी उमेदीची वर्षे गटारे, पाणी व करांच्या वादात घालवली.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत जन्मलेले मेहता १८६८ मध्ये विलायतेहून परतले, तेव्हा आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचा बोलबाला होता. शहर सुधारले, मात्र खर्च हाताबाहेर गेला व करदाते खवळले. १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी सभागृहात मेहतांनी प्रवाहाविरुद्ध मत मांडले. दोष एकट्या आयुक्ताचा नसून व्यवस्थेचा आहे, करदात्यांनी निवडलेले सभागृह हवे, असा त्यांचा आग्रह होता. श्रोत्यांचा रोष त्यांना पत्करावा लागला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ६४ पैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडावेत असे ठरले!

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह मेहतांनी १८८८ चा कायदा घडविण्यात मोठा वाटा उचलला. अंमलबजावणी आयुक्ताकडे, पण नगरशासनाची अंतिम सत्ता सभागृहाकडे, हे त्याचे मर्म. अनेक दुरुस्त्यांनंतरही महापालिकेचा कारभार याच कायद्यानुसार चालतो.

१८८४, १८८५ आणि १९०५ मध्ये त्यांनी पालिकेचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांचा दरारा काही गोऱ्या अधिकाऱ्यांना खुपत होता. १९०७ मध्ये जस्टिस ऑफ द पीस मंडळींच्या १६ जागांसाठी या गटाने मोर्चेबांधणी केली आणि मेहता सतराव्या क्रमांकावर फेकले गेले. निवडून आलेला एक सभासद अपात्र ठरल्याने न्यायालयाच्या निर्णयाने ते पुन्हा सभागृहात आले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.