क्रिकेटवीर कै. बाळू पालवणकर

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेच्या क्रिकेट-संघाची निवड व्हावयाची होती, तेव्हां मधल्या सुटींत व्हरांड्यांत मोठा वाद चालला होता. आम्हीं वर्गाच्या दारांत उभे राहून तो कांहीं वेळ ऐकला. सीमेवर उभे राहणारे गडी चपळ नसतील तर गोलंदाज कितीहि कुशल असला तरी व्यर्थ, असें एकाचें मत होतें. पहिले अकरा ठीक आहेत, पण त्यांतील दोघे ऐन वेळीं तापानें आजारी पडले तर त्यांच्या जागीं उतरावयास आहे कोण, असा दुसऱ्याचा प्रश्न होता. शेवटीं दोन पक्षांनीं दोन याद्या तयार केल्या व निवाड्यासाठीं आम्हांपुढें आणल्या. दोन्ही याद्या विचारपूर्वक केलेल्या होत्या. परंतु रोज संध्याकाळीं मैदानावर रूळ फिरवून, चुन्याच्या रेघा आंखून, मोठ्या मुलांस सरावासाठीं तासभर चेंडू टाकणारा जो एक विद्यार्थी, त्याचें नांव दोहोंपैकीं एकाहि यादींत नव्हतें. तें कोणीं मुद्दाम गाळलें नव्हतें. कोणास सुचलेंच नव्हतें. त्या वेळीं आम्हांस ज्या पुरुषाची आठवण झाली, त्याचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

पालवण हें रत्नागिरी जिल्ह्यांतील गांव, म्हणजे आपल्या कोंकणांतलेंच. त्यावरून या कुटुंबास पालवणकर हें आडनांव पडलें. बाळूंचा जन्म मात्र धारवाड येथें १८७६ सालीं झाला. घराणें चर्मकार समाजाचें होतें, व त्या काळीं हा समाज अस्पृश्य मानला जाई. वडिलांची नोकरी लष्कराच्या आश्रयाची असल्यामुळें मुलांचें बाळपण पुण्यास छावणीच्या आसपास गेलें. गोरे अधिकारी खेळून जुनीं झालेलीं जीं साधनें टाकून देत, तींच उचलून बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हे खेळावयास शिकले. गणपत व विठ्ठल हे आणखी दोन बंधु. पुढें हे चौघेहि हिंदु संघांतून खेळले.

घरच्या परिस्थितीमुळें बाळूंस लहानपणींच चाकरी धरावी लागली. प्रथम पुण्यांतील पारशांच्या एका क्रिकेट क्लबांत मैदान झाडण्याचें व रूळ फिरविण्याचें काम मिळालें. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत आले, व पगार चार रुपये झाला. खेळपट्टी तयार करणें, सरावाचीं जाळीं उभारणें, रेघा आंखणें हें त्यांचें नित्याचें काम. एके दिवशीं कोणा सभासदानें त्यांस सहज चेंडू टाकावयास सांगितलें, आणि या पोराच्या डाव्या हातांत कांहीं निराळेंच कसब आहे असें सर्वांच्या ध्यानांत आलें. त्या क्लबांत कॅप्टन ग्रेग नांवाचे नामांकित फलंदाज होते. उतारवयांत यांनीं रोमन कॅथॉलिक पंथांत धर्मगुरूची दीक्षा घेतली. ग्रेग इतरांच्या आधीं तास-दीड तास मैदानावर येऊन बाळूंकडून गोलंदाजी करून घेत, व आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. या सरावानें ग्रेग यांची फलंदाजी सुधारली व बाळूंची गोलंदाजीहि पक्की झाली. मात्र इतकीं वर्षें चेंडू टाकूनहि त्या मैदानावर बाळूंच्या हातीं बॅट कधीं आली नाहीं. फलंदाजी हा साहेबांचा मान व गोलंदाजी हें चाकराचें काम, अशी तेथील रीत होती.

त्या वेळीं पुण्यांतील हिंदूंचा एक क्लब युरोपियनांशीं सामने खेळत असे. बाळूंस आपल्या संघांत घ्यावें कीं न घ्यावें, याविषयीं त्या क्लबांत मोठा वाद माजला. कांहीं तेलुगु सभासद अनुकूल होते, तर उच्चवर्णीय सभासदांपैकीं कित्येकांस तें रुचेना. बाळूंस वगळल्यास हिंदु संघ स्वतःचेंच नुकसान करून घेईल, असें मत ग्रेग यांनींहि प्रकट केलें, असें सांगतात. अखेर बाळू संघांत आले. पण कसे आले तें पाहा. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू दहाहि गडी हातीं घेत. खेळ थांबल्यावर मात्र चहाच्या वेळीं त्यांनीं मंडपाच्या बाहेर उभें राहावें, व त्यांस चहा मिळे तो फेंकून देण्याच्या मातीच्या भांड्यांत. जेवणाचें पानहि वेगळें असे.

येथें आमच्या वादपटु विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. संथ गोलंदाज एकटा कांहींच करूं शकत नाहीं. वेगवान गोलंदाज यष्ट्या उडवील. परंतु संथ गोलंदाज फलंदाजास मोहांत पाडतो, चेंडू उंच उडावयास लावतो, आणि मग तो झेल घेण्यास दूरवर कोणी तरी धांवावें लागतें. म्हणजे बाळूंच्या यशाचा मोठा वाटा क्षेत्ररक्षण करणाऱ्यांच्या हातीं होता, आणि त्यांच्या यशाचा तितकाच मोठा वाटा बाळूंच्या बोटांत होता. एकच चेंडू दिवसभर अकरा जणांच्या हातांतून फिरत होता. ज्यास शिवल्यानें विटाळ होतो असें मानीत, त्याच्याच हातचा चेंडू पकडल्यावर लोक टाळ्या वाजवीत. ही विसंगति मैदानावर इतक्या उघडपणें दिसत होती कीं ती फार दिवस झांकून राहणें शक्य नव्हतें.

तसेंच झालें. सातारा येथील गोऱ्यांच्या जिमखान्याशीं सामना ठरला, तेव्हां बाळूंचा चेंडू वळूं नये म्हणून यजमानांनीं कित्येक दिवस रूळ फिरवून खेळपट्टी टणक केली होती, असें म्हणतात. तरी बाळूंनीं सात गडी बाद करून सामना जिंकून दिला. त्यानंतर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं, ज्याच्या बरोबर खेळतां येतें त्याच्या बरोबर खातां-पितां कां येऊं नये, असा प्रश्न खेळाडूंपुढें ठेवला. लोकमान्य टिळकांनींहि बाळूंचा गौरव केला.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला व पुढें तो पुण्यांतहि पसरला. त्या धामधुमीच्या काळांत बाळू मुंबईस आले. कांहीं दिवस लष्करांत राहून पुढें ते बी. बी. सी. आय. रेल्वेच्या नोकरींत शिरले व तिच्या संघांतून खेळूं लागले. परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यानें कांहीं सभासदांचा विरोध बाजूस सारून त्यांस आपल्या संघांत घेतलें. या निर्णयाचें फळ १९०६ च्या फेब्रुवारींत दिसलें. मुंबईच्या मैदानावर हिंदु व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनीं दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. हिंदु संघ १०९ धावांनीं विजयी झाला. त्यांत बाळूंनीं दोन्ही डाव मिळून आठ गडी बाद केले, व बंधु शिवराम हेहि त्याच संघांत होते. वृत्तपत्रांतून या विजयाची चर्चा झाली ती केवळ धावांची व गड्यांची नव्हे. हिंदूंनीं जातीचा अडसर काढला म्हणूनच त्यांचा संघ बळकट झाला, असें सुधारक पत्रांनीं स्पष्टपणें मांडलें.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला. संघाचें राखीव बळ किती महत्त्वाचें असतें हें या दौऱ्यानें चांगलें शिकविलें. महाराज स्वतः थोडेच सामने खेळले, व त्यांचे चिटणीस मिस्त्री हे उत्कृष्ट फलंदाज असूनहि बहुतेक वेळ महाराजांच्याच सेवेंत गुंतले. उरलेल्या थोड्या गड्यांवर एकामागून एक सामन्यांचें ओझें पडलें. २३ सामन्यांपैकीं सहा जिंकले, पंधरा हरले व दोन अनिर्णित राहिले. अशा या पडत्या संघांत बाळूंनीं, वयाच्या पस्तिशींत, सगळे सामने मिळून ११४ गडी बाद केले. लीस्टरशायरवरील विजयांत त्यांनीं अकरा गडी टिपले, तर सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनीं नाबाद ११३ धावा करून एका गड्यानें सामना जिंकून दिला. ते परत आले तेव्हां मुंबईंतील दलित समाजानें बाळूंचा सत्कार केला; त्या प्रसंगींचें मानपत्र त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांनीं लिहिलें होतें, असें सांगतात.

१९०७ पासून मुंबईंत हिंदु, पारशी व युरोपियन यांचे तिरंगी सामने होत, व १९१२ पासून मुसलमान संघ आल्यानें ते चौरंगी झाले. धर्मवार संघांची ही रचना आज आपणांस विचित्र वाटते, व १९४६ सालीं ती स्पर्धा बंदहि पडली. पण त्या काळीं हजारों लोक ते सामने पाहावयास लोटत. संघांत कोण असावें व कप्तान कोण व्हावा, यावर पानाच्या दुकानापासून वृत्तपत्रांपर्यंत वाद होई. बाळू हे संघांतील सर्वांत अनुभवी खेळाडू. त्यांसच कप्तान करावें असें म्हणणारे अनेक होते. तरी वर्षामागून वर्षें गेलीं व कप्तानपद उच्चवर्णीयांकडेच राहिलें. १९१३ सालीं कप्तान झालेले म. दा. पै यांनीं, हा मान वास्तविक बाळूंचा होता, असें सभेंत मोकळ्या मनानें कबूल केलें. त्यांच्या या उदारपणाचा उल्लेख केल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं.

१९२० सालीं हें प्रकरण टोकास गेलें. पहिल्या सामन्याच्या वेळीं पै आजारी होते. निवड-समितीनें बाळूंस संघांतून वगळलें, व पालवणकर बंधूंचा हक्क डावलून नेतृत्व दुसऱ्याकडे दिलें. तेव्हां शिवराम व विठ्ठल यांनीं खेळण्यास नकार दिला. मैदान सोडणें खेळाडूस किती जड जातें हें खेळणाऱ्यांसच ठाऊक. पण अपमान गिळून खेळत राहणें हा सद्‍गुण नव्हे, हें त्या दोघांनीं शांतपणें दाखवून दिलें. लोकमत त्यांच्या बाजूचें झालें. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्यास बंधु परत आले, बाळूंस उपकप्तान नेमण्यांत आलें, आणि पै यांनीं कांहीं काळ मैदान सोडून संघाचीं सूत्रें त्यांच्या हातीं येऊं दिलीं. चव्वेचाळीस वर्षांच्या वृद्ध गोलंदाजाच्या वांट्यास मानाचे ते थोडे तास आले. तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल यांस हिंदु संघाचे कप्तान नेमलें गेलें व त्या वर्षीं हिंदूंनीं स्पर्धा जिंकली. जें वडील बंधूस मिळालें नाहीं तें धाकट्यास मिळालें. परंतु त्याची वाट कोणीं खणून तयार केली, हें सर्व जाणत होते.

खेळांतून निवृत्त झाल्यावर बाळूंनीं सार्वजनिक कार्यांत भाग घेतला. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. १९३७ सालीं ते मुंबईंत काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले व सुमारें दोन हजार मतांनीं पराभूत झाले. एके काळीं ज्यांनीं त्यांस वीर मानलें, त्यांच्याशींच राजकारणांत त्यांचा मतभेद झाला. दोघांचेंहि ध्येय आपल्या समाजाची उन्नति हेंच होतें. मार्ग मात्र निराळे होते. १९५५ च्या जुलै महिन्यांत मुंबईस बाळूंचें देहावसान झालें. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ गडी बाद केले, सरासरी गड्यामागें सुमारें पंधरा धावा देऊन. पण हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला, तोंपर्यंत त्यांचे खेळाचे दिवस संपून गेले होते.

या चरित्रापासून आपण काय घ्यावें? बाळूंची चिकाटी घ्यावी, हें खरेंच; रूळ ओढणाऱ्या मुलानें रूळ ओढतां ओढतां विद्या साधली. परंतु सगळा उपदेश गरिबाच्या मुलासच करून थांबणें आम्हांस बरें वाटत नाहीं. जे निवड करितात त्यांनाहि या चरित्रांत धडा आहे. संघाचें राखीव बळ कमी आहे अशी तक्रार करण्यापूर्वीं, आपण कोणाकोणाकडे पाहिलेंच नाहीं, हें मोजावें. प्रभु येशूनें आपले शिष्य निवडले तेव्हां तो विद्वानांच्या सभेंत गेला नाहीं. जाळीं टाकणाऱ्या कोळ्यांकडे व लोकांनीं धिक्कारलेल्या जकातदाराकडे गेला. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलें घरीं खेळगडी बोलावतील तेव्हां कोणास ओटीवर व कोणास अंगणांत, असा भेद त्यांच्या डोळ्यांदेखत करूं नये. मुलें जें पाहतात तें लवकर शिकतात.

त्या दोन याद्या आम्हीं परत केल्या, व त्या संध्याकाळीं दोन्ही पक्षांनीं रूळ फिरविणाऱ्या त्या विद्यार्थ्यापुढें बॅट घेऊन उभें राहावें एवढेंच सांगितलें. दुसऱ्या दिवशीं याद्या पुन्हां आल्या त्या बदललेल्या होत्या. सामन्याची हकीकत क्रीडा-विभागाच्या अहवालांत आली आहे. ती तेथें वाचावी.