कविवर बनारसीदास : व्यापारी, साधक आणि पिता

आपल्या मंदिरात स्वाध्यायाला बसणाऱ्या अनेकांना 'नाटक समयसार' हा ग्रंथ परिचित आहे. परंतु त्याचा कर्ता व्यवसायाने व्यापारी होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रस्तुत लेखक कापडाच्या पेढीवर उभा जन्म घालवलेला असल्याने कविवरांविषयी त्याला विशेष आपुलकी वाटते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या चरित्राचे अल्पसे स्मरण करावे, एवढाच हेतू आहे.

कविवरांचा जन्म इ.स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. पिता खरगसेन जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. पहिला पुत्र अल्पायुषी ठरल्याने या बाळाविषयी मातापित्यांच्या मनात सदैव धास्ती असे. प्रथम नाव ठेवले विक्रमाजीत. काही महिन्यांचे बाळ घेऊन ते काशीस पार्श्वप्रभूंच्या दर्शनास गेले, तेव्हा तेथील पुजाऱ्याने ध्यानस्थ झाल्याचा आव आणून यक्षाचा आदेश सांगितला आणि बाळाचे नाव बनारसीदास झाले. पुढे कविवरांनीच हा प्रकार पुजाऱ्याचा बनाव होता असे निःसंकोच नमूद केले आहे.

अकराव्या वर्षी खैराबादच्या मुलीशी विवाह झाला. वऱ्हाड परतले त्या एकाच दिवशी घरात सून आली, खरगसेनांना कन्या झाली आणि आजी निवर्तल्या. गृहस्थाश्रमाचा स्वभावच असा! पुढेही या घरात सोयर आणि सुतक यांत फारसे अंतर पडले नाही.

चौदाव्या वर्षी त्यांनी शृंगारप्रधान अशी सहस्र पद्यांची रचना केली. पेढीकडे लक्ष नसे, त्यामुळे वडीलधारी मंडळी चिंतित असत. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता ऐकताच ते जिन्यावरून कोसळले व त्यांच्या मस्तकास जखम झाली. त्या काळात ते गुप्तपणे शिवाच्या शंखाची पूजा करीत. संकटात तिचा उपयोग झाला नाही, म्हणून ती सोडली. त्यानंतर एके दिवशी मित्रांसमवेत गोमतीच्या पुलावर बसले असता स्वतःची पोथी त्यांनी नदीत सोडून दिली. मित्र हळहळले, पिता मात्र संतोष पावले.

पुढे पित्याने जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्यास धाडले. कापड तोट्यात गेले. पायजम्याच्या नाडीत बांधलेली रत्ने नाडी तुटून हरवली. काही रत्ने तर उंदरांनी पळविली! आमच्या धंद्यात घट आणि खोट यांच्या नाना तऱ्हा पाहिल्या, पण उंदराच्या खाती नावे टाकण्याचा प्रसंग कोणावर आल्याचे ऐकिवात नाही. सायंकाळी चार माणसे जमवून ते प्रेमकथा वाचून दाखवीत आणि एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवीत. आपण कफल्लक आहोत हे त्यांनी त्याला आधीच सांगितले होते, आणि पुढे ती उधारी चुकतीही केली. याच दुरवस्थेत सासुरवाडीस गेले असता पत्नीने आपल्याजवळचे वीस रुपये गुपचूप त्यांच्या हाती ठेवले व मातेकडून आणखी दोनशे मिळवून दिले.

ती साध्वी फार काळ लाभली नाही. बाळंतपणानंतर ती आणि नवजात पुत्र दोघेही गेले. ती वार्ता घेऊन आलेल्या न्हाव्यानेच धाकट्या मेहुणीच्या सोयरिकीचा निरोपही आणला. आयुष्यात तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली : सात पुत्र, दोन कन्या.

१६२३ च्या सुमारास राजमल्लांची समयसारावरील टीका त्यांच्या हाती आली. आत्मा शुद्ध आहे, मग पूजा-व्रते कशाला, असा एकांगी अर्थ त्यांनी घेतला. मित्रांसह कोठडीत विवस्त्र होऊन मुनी असल्याची सोंगे करण्यापर्यंत मजल गेली. समाजात निंदा झाली. १६३५ मध्ये पांडे रूपचंद आग्र्यास आले, त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन केले आणि कविवरांना निश्चय व व्यवहार यांचा मेळ उमगला. पुढील वर्षी 'नाटक समयसार' पूर्ण झाले. त्या समयी त्यांचा शेवटचा पुत्र घरात खेळत होता. देह भिन्न, आत्मा भिन्न हा विषय छंदोबद्ध करणाऱ्या पित्याच्या कानांवर त्या बालकाचे बोल पडत असतील, असे मनात आल्यावाचून राहात नाही.

१६३९ च्या सुमारास, नऊ वर्षांचा होऊन तोही गेला. नऊपैकी एकही अपत्य उरले नाही. एवढा ज्ञानी पुरुष, परंतु शोक आवरेना. मोहाचे बळ किती अफाट असते, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. प्रस्तुत लेखकास ही कबुली त्यांच्या तत्त्वविवेचनाइतकीच मोलाची वाटते.

त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, १६४१ मध्ये, त्यांनी 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून पंचावन्न वर्षांची ही अर्धी कथा. १९४३ मध्ये पं. नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून ती प्रकाशित केली. रोजकीर्द लिहावी तसा नफा-तोटा, जन्म-मृत्यू, सारे तीत जसेच्या तसे मांडले आहे. अखेरीस गुणांसोबत आपले दोषही नोंदविले आहेत : लोभ सुटत नाही, लक्ष्मीचा मोह आहे, अकारण भय वाटते; आणि कोणी पाहात नसले, की एकांतात नाचावेसे वाटते.