आनंदीबाई आणि बाळंतिणीची खोली



आम्हा सेम्बावांगकरांच्या घरी बाळंतपण असले की भारतातून आई किंवा सासूबाई येतात आणि बॅगेतून आळीव, डिंक, बाळंतशेपा बाहेर पडतात. शेजारच्या चिनी घरात आले आणि तिळाचे तेल घातलेले जेवण शिजते, मलय घरात जामू आणि मालिश. सगळ्यांची काळजी एकच! अशा वेळी आम्हाला हटकून आठवतात त्या डॉ. आनंदीबाई जोशी.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली ही यमुना कल्याणच्या जोशी घराण्यातली. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण योग्य उपचारांअभावी तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. पुरुष डॉक्टरला दाखवायचा संकोच म्हणून कितीतरी बायका त्या काळी आजार अंगावर काढत.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव मागेच राहिले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना मायेने घरात घेतले. परदेशात पहिला हिवाळा काढलेल्या कोणालाही त्या आधाराची किंमत सांगायला नको. साडी आणि शाकाहार सांभाळत त्या फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या.

प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यात आयुर्वेदाच्या ग्रंथांचा आधार होता आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांचाही. आजीचा बटवा त्यांनी फेकून दिला नाही, आणि डोळे मिटून कवटाळलाही नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. पण क्षयाने गाठले होते. मायदेशी परतल्यावर पुण्यात वैद्यांचे उपचारही झाले, पण उपयोग झाला नाही. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध ना वैद्यांकडे होते, ना डॉक्टरांकडे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्या गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे पुरली गेली.

म्हणून मंडळी, आळिवाची खीर जरूर करा. पण ताप, जास्त रक्तस्राव किंवा बाळाचे दूध न पिणे दिसले, तर काढा उकळत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. आनंदीबाईंच्या दहा दिवसांच्या बाळाची आठवण आम्ही तरी अशीच ठेवतो.